विद्यार्थ्याच्या हातातले साधन



न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तेव्हापासून आजपर्यंत या प्रकाराचे भांडवल फारसे बदललेले नाही. बोलणारा एक, ऐकणारे पुष्कळ आणि उन्हाळ्यातली एक संध्याकाळ. मध्यंतरी ध्वनिक्षेपक आला, इतकीच काय ती भर पडली. आणि आज त्याने आमच्या आधीच शीळ घालून आपले भाषण उरकून घेतले, हे आपण ऐकलेच. अशा ठिकाणी उभे राहून वर्गातील यंत्रांविषयी बोलायचे म्हणजे थोडा चमत्कारिकच प्रसंग आहे. पण चालकांनी विषय सुचविला तो असा की, महाविद्यालयात शिकविणाऱ्याने कसे शिकवावे, आणि त्याच्या वर्गात जी नवी नवी साधने येत आहेत त्यांचे काय करावे? विषय आजचा आहे खरा. परंतु त्याचा सर्वांत कसून विचार जेथे झाला ती जागा मुंबईत नाही, पुण्यात नाही. ती आपल्या घोलवडजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर आहे. म्हणून आज आम्ही आपल्याला त्या टेकडीवरून थोडे फिरवून आणणार आहोत.

त्यापूर्वी या प्रश्नात आमचे काय गुंतले आहे ते सांगितले पाहिजे. दर जून महिन्यात प्रवेशाच्या वेळी पालक येतात. कोणी तलासरीच्या बाजूचे, कोणी गंजाड-आशागडकडचे, कोणी किनाऱ्यावरचे. पुष्कळांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारे हे पहिलेच मूल असते. एकदा असेच एक गृहस्थ आले. मुलीचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यांनी सदऱ्याच्या आत जपून ठेवला होता. त्यांनी फीविषयी विचारले नाही, वसतिगृहाविषयी विचारले नाही. "मास्तर, तुमच्या कॉलेजात तो टीव्हीसारखा मोठा फळा आहे का?" एवढेच विचारले. वापीला कामावर जाताना रस्त्याच्या कडेला एका शाळेच्या जाहिरातीत त्यांनी त्याचे चित्र पाहिले होते. पुढे म्हणाले, "आमचे दिवस गुरांमागे गेले. हिला तरी चांगले मिळू द्या."

या प्रश्नाला हसणे सोपे आहे. पण त्या गृहस्थांच्या दृष्टीने तो फळा म्हणजे न्यायाची खूण होती. शहरातल्या मुलाला जे मिळते ते माझ्या मुलीला मिळते की नाही, हे त्यांना त्यावरून ताडून पाहावयाचे होते. तेव्हा 'आपल्या जुन्या खडू-फळ्यात काय वाईट आहे?' असे म्हणून आम्हांला सुटता येणार नाही. 'फळा आणला, आता शिक्षण आपोआप होईल,' असे म्हणूनही सुटता येणार नाही. या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आमचा धंदा आहे.

आता टेकडीकडे वळू. ताराबाई मोडक १८९२ साली मुंबईत जन्मल्या, मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या, आणि पुढे राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख झाल्या. म्हणजे आमच्याच जातीच्या. मोठ्या मुलींना शिकविणाऱ्या, खुर्चीवर बसणाऱ्या. ती खुर्ची सोडून १९२३ च्या सुमारास त्या भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांकडे गेल्या आणि अडीच-तीन वर्षांच्या मुलांमध्ये जमिनीवर बसल्या. आमच्या व्यवसायात वर चढण्याचीच सर्वांना घाई असते. बालवर्गातला प्राथमिकात जाऊ पाहतो, प्राथमिकातला माध्यमिकात, आणि माध्यमिकातला आमच्याकडे. उलट दिशेने चालत गेलेले माणूस म्हणून आम्हांस ताराबाईंचे विशेष वाटते. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, 'शिक्षणपत्रिका' निघाली, आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाला.

भावनगरला आणि दादरला जी साधने होती ती मारिया मॉन्टेसरी या इटालियन विदुषींची. रोम शहरातल्या गरीब वस्तीत १९०७ साली त्यांनी पहिले बालगृह उघडले, त्यासाठी ही साधने सिद्ध केली. त्यांच्याकडे नीट पाहावे. लाकडाच्या फळीत निरनिराळ्या जाडीचे दट्टे बसविलेले असतात. मुलाने ते काढायचे आणि पुन्हा आपापल्या भोकात घालायचे. एक दट्टा चुकीच्या भोकात गेला की शेवटचा बसत नाही. तो हातात उरतो. येथे बाई ओरडत नाहीत, लाल शाईची खूण होत नाही. चूक झाली हे लाकूडच सांगते, आणि ती दुरुस्त कशी करावी हे मूलच शोधते. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे, एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत चढत गेलेले. त्यांतला एक मागेपुढे झाला की मनोरा डोळ्यांना खुपतो. आम्ही ज्याला 'तंत्रज्ञान' म्हणतो त्याचे शाळेतले इतके शुद्ध उदाहरण दुसरे सापडणे कठीण. यात वीज नाही, काच नाही. पण विचार पुरेपूर आहे. वस्तू मुलाच्या हातात आहे, आणि शिक्षक बाजूला आहे.

मात्र ती वस्तू महाग होती. सुताराने अचूक कापलेले लाकूड, वर रंग, ठेवायला कपाट. दादरच्या मध्यमवर्गाला ती परवडली. २४ डिसेंबर १९४५ रोजी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. पुण्याच्या हुजूरपागेत शिकविणाऱ्या अनुताई वाघ त्या कामात ताराबाईंना येऊन मिळाल्या, आणि तेथे त्या दोघींपुढे नवाच पेच उभा राहिला. साधने महाग, हा त्याचा लहानसा भाग झाला. खरी अडचण अशी की आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेतच येईनात. का यावीत? १९४५ हे साल आपण विसरू नये. त्याच वर्षी मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी किसान सभेची परिषद भरली होती, आणि गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली समाज वेठीविरुद्ध उभा राहिला होता. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराच्या घरी राबत होती, अशा घरातले पोर गुरे राखणार, नाहीतर धाकटे भावंड कडेवर घेऊन बसणार. ते शाळेत येईल कसे?

यावर त्या दोन बायकांनी जे केले ते आज वाचायला साधे वाटते. मूल शाळेत येत नाही, तर शाळा पाड्यावर गेली. कोणाच्या तरी अंगणात मुले जमवायची, त्यांना न्हाऊ-माखू घालायचे, केस विंचरायचे, गाणी म्हणायची, खेळ मांडायचे. त्या अंगणात भरणाऱ्या बालवाडीलाच अंगणवाडी म्हणू लागले. १९७५ साली २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा हाच शब्द देशभर गेला. आज काश्मीरपासून केरळपर्यंत जो शब्द सरकारी कागदांवर छापला जातो तो आपल्या या किनाऱ्यावरच्या अंगणातून उचललेला आहे, याचा अभिमान डहाणूकरांनी अंमळ जास्त बाळगला तरी चालेल.

पुढे १९५७ च्या सुमारास काम कोसबाडला गेले. तेथे कुरणशाळा निघाली. गुराखी पोरांना गुरे सोडून येता येईना, म्हणून शिक्षकच गुरांच्या मागे कुरणात गेला. धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीला भावंडासकट येता यावे म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, आणि त्या साऱ्या प्रपंचाला विकासवाडी असे नाव दिले. ताई शाळेत का येत नाही, याचे कारण पाळण्यात आहे, हे ज्याला दिसले त्याला शिक्षणशास्त्र कळले असे आम्ही म्हणतो.

आणि साधने? ती टेकडीवरच मिळाली. गारगोट्या, शंखशिंपले, चिंचोके, गुंजा, पाने, माती, बांबूचे तुकडे, बाटल्यांची बुचे. लहान-मोठे लावायला गारगोट्या, मोजायला चिंचोके, रंग ओळखायला पाने आणि फुले. पण येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, कारण पुष्कळ लोक येथे घसरतात. ताराबाई-अनुताईंनी मॉन्टेसरीबाईंचे लाकूड टाकून दिले, पण त्यामागचा विचार टाकला नाही. साधन मुलाच्या हातात असावे, त्यात चढउतार असावा, चूक मुलाला स्वतःच कळावी, आणि हरवले तर रडायची पाळी येऊ नये. हरवलेला चिंचोका झाडाखाली पुन्हा मिळतो. लाकडी दट्टा हरवला की मुंबईला पत्र लिहावे लागते. त्यामुळे महागडे साधन कपाटात जाते आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे जाते. कपाटातले साधन कितीही उत्तम असले तरी त्याचा उपयोग तपासणी-अधिकाऱ्याला दाखविण्यापुरता.

हे आम्ही एकदा आमच्या व्यवसायबंधूंच्या बैठकीत सांगत होतो, तेव्हा एक तरुण प्राध्यापक उठून उभे राहिले. ते स्वतः वारली घरातले. म्हणाले, "सर, शहरातल्या मुलांना संगणक आणि आदिवासींच्या मुलांना चिंचोके, हा कोणता न्याय? स्वस्त साधनांचे कौतुक नेहमी आमच्याच पाड्यांवर का होते?"

बंधुभगिनींनो, हा आक्षेप खरा आहे आणि तो गोड बोलून टाळण्यासारखा नाही. 'स्थानिक साधने', 'निसर्गाच्या सान्निध्यात शिक्षण' हे शब्द उच्चारून आपल्याकडे किती इमारती बांधायच्या राहून गेल्या, किती प्रयोगशाळांत काचेची नळी आली नाही, याचा हिशेब कोणी तरी मांडावयास हवा. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ साली खडू-फळा योजना निघाली, तिचा हेतू प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि आवश्यक साहित्य मिळावे हा होता. म्हणजे स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षांनी सरकारला खडू आणि फळा पुरविण्याची मोहीम काढावी लागली. अशा देशात कोणी गरिबाला चिंचोक्यांचे माहात्म्य सांगू लागला की त्या गरिबाने संशयाने पाहावे हे योग्यच आहे.

पण त्या तरुण मित्रांना आमचे उत्तर असे की, चिंचोका हा संगणकाच्या जागी द्यावयाचा नाही. चिंचोक्याने जी परीक्षा घेतली तीच संगणकाची घ्यावयाची आहे. तो कोणाच्या हातात आहे? शिक्षकाच्या की विद्यार्थ्याच्या?

या कसोटीला आजचा वर्ग लावून पाहा. एक प्रोजेक्टर, एक पडदा, आणि साठ-सत्तर मुले अंधारात. बटन शिक्षकाच्या हातात. पडद्यावर इंग्रजीतली दहा वाक्ये येतात, शिक्षक ती वाचून दाखवितो, मुले मोबाइल वर करून पडद्याचे छायाचित्र घेतात, आणि पडदा पुढे सरकतो. पूर्वी फळ्यावर लिहिताना शिक्षकाचा हात थांबायचा, खडू मोडायचा, आकृती चुकून पुसली जायची. तेवढ्या वेळात मागच्या बाकावरच्या मुलाला विचार करायला सवड मिळे. आता ती सवडही गेली. आणि भाषेचे काय? मूल घरी वारली बोलते, कोणी धोडिया, कोणी कोकणा. शाळेत मराठी शिकले. तलासरीपलीकडे बाजारात गुजराती कानावर पडते. आणि पडद्यावर इंग्रजी. १९६० साली उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली, पण बाजाराला आणि नातेवाइकांना ती सीमा आजही फारशी माहीत नाही. अशा मुलापुढे एका मिनिटात एक पडदा सरकविणे म्हणजे धावत्या गाडीतून स्टेशनाची पाटी वाचायला सांगणे होय. छायाचित्र मोबाइलमध्ये राहते, पण ते पुन्हा उघडून पाहणारे फार थोडे.

आता याच्या उलट एक पाठ सांगतो. विषय भरती-ओहोटीचा. पृथ्वी, चंद्र, सूर्य फिरताना दाखविणारे सुंदर चित्रपट आता मिळतात. ते आम्ही दाखवितो, नाही असे नाही. पण शेवटी दाखवितो. आधी वर्गाला विचारतो की, आज भरती किती वाजता आहे? डोंगराकडची मुले गप्प बसतात. झाईची, चिंचणीची, डहाणू-खाडीकडची मुले लगेच सांगतात. कसे सांगितले? एका वर्षी झाईच्या एका मुलीने समजावून सांगितले: "तिथीची पाऊणपट करायची, सर." चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन; भरती तीनच्या सुमारास. अष्टमी असेल तर सहा. आपापल्या बंदराप्रमाणे त्यात थोडे कमीजास्त करायचे. पंचांग आणि पाऊणकी, एवढ्यावर किनाऱ्यावरच्या कित्येक पिढ्या होडी लोटीत आल्या.

मग वर्गाला काम दिले. पाऊणपट का? मुलांनी मांडले की, अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा तिथी, आणि तेवढ्यात भरतीची वेळ घड्याळात पुरे बारा तास फिरून पुन्हा तेथेच येते. बारा तासांची मिनिटे सातशेवीस. भागिले पंधरा, अठ्ठेचाळीस. म्हणजे तिथीमागे सरासरी अठ्ठेचाळीस मिनिटे. पण पाऊण तास तर पंचेचाळीस मिनिटांचा! दर तिथीला तीन मिनिटांची तूट पडते. तर मग पौर्णिमेपर्यंत पंधरा त्रिक पंचेचाळीस मिनिटांची चूक साचेल, आणि वर्षभरात हा हिशेब पार कोलमडून पडेल. जुना नियम खोटा ठरला म्हणून डोंगराकडची मुले खूश झाली. झाईची मुलगी मात्र अस्वस्थ होऊन घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली ती आजोबांचे उत्तर घेऊनच. "पुनव झाली की तिथी पुन्हा एकपासून. मग हिशेबही एकपासून." वद्य प्रतिपदेला मोजणी नव्याने सुरू होते, म्हणून साचलेली चूक दर पंधरवड्याला पुसली जाते. तोंडी हिशेबाला पाऊणकी सोपी, आणि चूक एका तासाच्या आतच राहते. होडीला तेवढे पुरे.

त्यानंतर आम्ही तो चित्रपट दाखविला. उधाणाला सूर्य-चंद्र एका रेषेत का, भांगाला काटकोनात का, हे त्या पडद्यावर जसे दिसते तसे खडूने दाखविता येत नाही. ते श्रेय त्या यंत्राला दिलेच पाहिजे. पण तो पाहताना मुले छायाचित्रे घेत नव्हती. प्रश्न त्यांच्याजवळ आधीच होता, आणि पडद्यावर त्या आपला प्रश्न शोधीत होती. यंत्र तेच, अंधार तोच, वीजही तीच. फक्त क्रम बदलला होता.

शाळेत यंत्र आले की सर्व काही पालटणार, ही भविष्यवाणी फार जुनी आहे. अमेरिकेच्या एडिसनने १९१३ साली सांगितले की थोड्याच वर्षांत शाळांतून पुस्तके जातील आणि चलच्चित्रे येतील. पुस्तके गेली नाहीत. आपल्याकडे १९७५-७६ साली उपग्रहाच्या द्वारे सहा राज्यांतील चोवीसशे खेड्यांत दूरदर्शनचे शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्याचा मोठा प्रयोग झाला. त्यात महाराष्ट्र नव्हता. प्रयोग चांगला होता. कार्यक्रम लोकांच्या भाषांत केले होते, शेतकरी आणि शाळकरी मुले एकत्र बसून पाहत होती. पण उपग्रह अमेरिकेचा होता, एका वर्षाच्या बोलीने आणलेला. वर्ष संपले, उपग्रह गेला. पुढे १९८४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी दूरदर्शनवर कार्यक्रम सुरू केले. ते इंग्रजीतच पुष्कळ होते, आणि ज्यांच्यासाठी होते त्यांच्या घरी तेव्हा दूरदर्शन संच नव्हता. एका महाविद्यालयात आम्ही असाही मोठा विद्युत-फळा पाहिला आहे की ज्याची लेखणी हरवली म्हणून त्यावर पाहुण्यांच्या स्वागताची सूचना चिकटपट्टीने लावली होती. कपाट आणि किल्ली यांची गोष्ट ती हीच.

आता आम्ही यंत्रांचे वैरी आहोत असे आपल्याला वाटू लागले असेल, तर तसे नाही. उलट एका यंत्रावर आमचे फार प्रेम आहे, आणि ते दाखविण्यास कुरणशाळेची गोष्ट पुन्हा काढावी लागेल.

दिवाळीनंतर भात झोडून झाले की आपल्या दोन्ही तालुक्यांतून माणसे कामासाठी बाहेर पडतात. कोणी वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर, कोणी बोटीवर, कोणी गुजरातेत. त्यांच्यात आमचे विद्यार्थीही असतात. विद्यापीठाचा नियम पंचाहत्तर टक्के हजेरीचा. नियम वाईट नाही, पण तो ज्याच्या घरी दोन वेळचे शिजते अशा मुलाला डोळ्यापुढे ठेवून केलेला आहे. मुलगा भट्टीवर गेला की हजेरी जाते, हजेरी गेली की तो परीक्षेला बसायला लाजतो, आणि दुसऱ्या वर्षाच्या यादीत त्याचे नाव दिसत नाही. तो नापास झाला नाही. तो नुसता दिसेनासा झाला. आमच्या विषयात आमच्या डोळ्यांदेखत होणारे सर्वांत मोठे नुकसान हे आहे, आणि कोणत्याही विद्युत-फळ्याने ते भरून निघणार नाही, कारण फळा महाविद्यालयात आणि मुलगा भट्टीवर.

२०२० साली मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि सगळेच विद्यार्थी भट्टीवर गेल्यासारखे झाले. वर्ग मोबाइलवर घ्या असे वरून सांगण्यात आले. घरात फोन एक, तो बापाजवळ. पाड्यावर नेटवर्क नाही. टेकडीवर चढून एका विशिष्ट दगडावर उभे राहिले तरच आवाज येतो. आमच्या चाळीस मिनिटांच्या व्याख्यानापैकी कोणाच्या कानावर किती गेले, ते ईश्वर जाणे. परंतु त्या काळात एक गोष्ट हाती लागली. एका विद्यार्थ्याने कळविले की, "सर, तोंड दिसले नाही तरी चालेल, नुसते बोलणे पाठवा. दहा मिनिटांचे. ते फोनात राहते, रात्री ऐकतो."

तेव्हापासून आम्ही पाठाचे दहा-दहा मिनिटांचे बोलणे मराठीत ध्वनिमुद्रित करून ठेवतो. चित्र नाही, संगीत नाही. प्रत्येकाच्या शेवटी एक प्रश्न असतो, त्याचे उत्तर आवाजातच परत पाठवायचे. वारलीत पाठवले तरी चालते, वर्गातली दुसरी मुले आम्हांला अर्थ सांगतात. ज्याच्याकडे नेटवर्क नाही त्याला ते लहानशा मेमरी कार्डात भरून मिळते, आणि एसटीने जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती पोचते. भट्टीवरून परत आलेले उत्तर ऐकताना मागे विटा रचल्याचा आवाज येतो, कधी लहान मूल रडते, मध्येच मुकादम हाक मारतो आणि उत्तर तुटते. ते तुटलेले उत्तर आमच्या दृष्टीने हजेरीच आहे. विद्यापीठाच्या नोंदवहीत तिला रकाना नाही. तो असावा यासाठी आमचे अर्ज चालू आहेत.

येथे यंत्र फोन आहे, शेवटी तेही काचेचेच. पण ते विद्यार्थ्याच्या हातात आहे. थांबविणे, मागे नेणे, पुन्हा ऐकणे त्याच्या बोटात आहे. न कळलेले तीन वेळा ऐकले तरी कोणी हसत नाही. दट्टा भोकात बसेपर्यंत तो पुन्हा पुन्हा घालून पाहण्याची जी मोकळीक मॉन्टेसरीबाईंनी तीन वर्षांच्या मुलाला दिली, ती वीस वर्षांच्या मुलाला प्रथमच मिळाली.

राहता राहिला त्या तरुण मित्रांचा संगणकाचा प्रश्न. त्यांचे म्हणणे आम्हांस पूर्ण मान्य आहे की आमच्या मुलांना संगणक मिळालाच पाहिजे, आणि तोही गारगोटीसारखा रोज हाताळायला. आमचा अंदाज असा की एका मोठ्या विद्युत-फळ्याच्या किमतीत चार-पाच साधे संगणक येतात. फळा घेतला तर त्यावर एक शिक्षक काम करील आणि सत्तर मुले पाहतील. संगणक घेतले तर पाळीपाळीने सत्तरही मुले काम करतील: आपल्या पाड्याच्या विहिरीतले पाणी महिन्यागणिक किती खाली गेले त्याचा तक्ता मांडतील, आजीकडून ऐकलेली कणसरीची गोष्ट देवनागरीत टंकलिखित करतील, चुकतील, पुसतील, पुन्हा करतील. समितीत हे मांडले की उत्तर येते, "पण सर, पाहुणे आले तर दाखवायला काय?" या प्रश्नाला मात्र आमच्याजवळ उत्तर नाही.

त्या मुलीच्या वडिलांना आम्ही त्या दिवशी काय सांगितले, असे कोणी विचारील. आम्ही त्यांना संगणकाच्या खोलीत नेले. तेथे तेव्हा तीन यंत्रे चालू होती. एकापुढे त्यांच्याच बाजूची एक मुलगी बसली होती. ते बराच वेळ तिच्या बोटांकडे पाहत उभे राहिले, आणि मग त्यांनी दाखला पिशवीतून बाहेर काढला.

शेवटी आपल्याजवळ एक मागणे आहे. डहाणूत बागायतदार आहेत, व्यापारी आहेत, कचेऱ्या आहेत. दर तीन-चार वर्षांनी आपण आपले संगणक बदलता, आणि जुने कोठेतरी जिन्याखाली पडून राहतात. ते आम्हांस द्यावेत. जून महिन्याच्या आत दिलेत तर नव्या वर्षाला उपयोगी पडतील. आणून देणे जमत नसेल तर निरोप पाठवावा, मुले येऊन घेऊन जातील. चालू असलेलेच द्यावेत, एवढी विनंती. बंद पडलेले आमच्याकडे पुरेसे आहेत.